लारीचं दुसरं इंजिन

आमगाव
ता. १४ जानेवारी १९४६

ती. गं. भा. धुरपताबाईचे चरणी धाकटा भाऊ भोजराज याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. तुझी खुशाली दोन महिने कळली नाही, म्हणून सौ. निर्मला रोज टोकते. आज पत्र लिहितो आहे ते मात्र वाईट बातमीचे. आधीच सांगतो, माणसे सगळी सुखरूप आहेत. गेले ते लारीचे इंजिन.

गेल्या शुक्रवारी देवरीकडून धान भरून येत असताना, बाघ नदीचा चढ संपता संपता आत लोखंडावर घण पडावा तसा आवाज झाला. पिस्टनचा दांडा तुटला आणि इंजिनाच्या कुशीला मुठीएवढे भोक पाडून बाहेर आला. सगळे तेल रस्त्यावर. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो, तोवर आपला ड्रायव्हर केवलराम तिथून हलला नव्हता. धानाची पोती त्याने गावातल्या बैलगाड्यांनी पुढे धाडली आणि स्वतः लारीच्या सावलीत बसून राहिला. जेवलास का विचारले, तर म्हणाला की भूक नाही.

लारी आता गोंदियात गुलाबचंद मिस्त्रीच्या कारखान्यात ओढून आणली आहे. तो म्हणतो, हे फाटलेले कापड नव्हे, टाका घालून चालणार नाही. एक तर लारी लोखंडाच्या भावात विकावी, नाही तर दुसरे इंजिन बसवावे. जबलपूरला लष्कराचा उरलेला माल विकायला काढला आहे, त्यात खोक्यात बंद इंजिने मिळतात म्हणे.

बाई, लारी जिजाजींची. त्यांच्या मागे कागदावर तुझ्या नावाची. मी फक्त चालवून घेतो, म्हणून शब्द तुझा. माझे मत विचारशील तर विकावी. पंधरा वर्षे चालली, त्याआधी दुसऱ्याकडे किती चालली देव जाणे. केवलरामही थकला. बाजारात लोक त्याच्याच नावाने बोलून राहिले आहेत की ड्रायव्हर म्हातारा झाला, लक्ष राहिले नाही. तो ऐकून घेतो, उत्तर देत नाही.

लवकर कळवावे. धाकट्यावर माया आहे तशीच ठेवावी.

तुझा
भोजराज

*

तिरोडा
ता. २० जानेवारी १९४६

चि. भोजराज यास धुरपताबाईचे अ. उ. आशीर्वाद. वि.

तुझं पत्र मिळालं. माझी खुशाली कळली नाही म्हणून निर्मला टोकते, तर तिला सांग की तिरोड्याला दिवसातून किती गाड्या थांबतात ते स्टेशनावर लिहिलेलं आहे. खुशाली बघायला यायला मनाई नाही.

केवलराम जेवत नाही हे वाचून वाईट वाटलं. त्याला निर्मलाच्या हातचं काही गरम खाऊ घाल. लोकांचं तोंड आपण धरू शकत नाही, पण त्याला उपाशी ठेवू नको.

लारीचं म्हणशील तर दोन दिवस मी काहीच ठरवलं नाही. नुसती जुनी जुनी आठवण येत राहिली. तुला ठाऊक नाही, तू तेव्हा शाळेत होतास, लारी घ्यायला मीच नको म्हटलं होतं. नागपूरहून ती दारात आली तेव्हा सगळी आळी बघायला जमली आणि मी रुसून घरात तांदूळ निवडत बसले. त्यांनी तीनदा हॉर्न वाजवला तरी गेले नाही. मग पुढच्या वर्षी प्रतापगडच्या जत्रेला आम्ही बायका मागे तणसावर बसून गेलो. शेजारची नंदाबाई इतकी गायली की परत येताना तिच्या घशातून आवाज निघेना, आणि मी हसून हसून माझा रुसवा कुठे गेला ते मला कळलंच नाही.

आज हे पत्र माझ्या हातचं आहे, ते त्या लारीमुळे. पावसाळ्यात ती अंगणात उभी असे. तिची मागची फळी पाडून हे मला खडूने अक्षरं काढून दाखवत. तिशी उलटलेली बाई, आणि ग म भ न गिरवते आहे. कोणी आलं की मी पदराने पुसून टाकायची.

आणि तिचा आवाज. तळ्याच्या वळणावर आली की मला घरात कळायचं. दुसऱ्याही लाऱ्या त्या रस्त्याने जात, पण आपल्या लारीचा चढावर मध्येच एक ठोका चुकायचा, चालता चालता माणसाला उचकी लागावी तसा. तो ऐकला की मी भात चुलीवर ठेवायची. हे हातपाय धुऊन येईपर्यंत भात व्हायचा. सहा वर्षांत एकदाही भात करपला नाही.

भोजराज, तेच इंजिन गेलं ना? मग राहिलं काय? लाकूड आणि पत्रा. त्यांच्या लारीत परक्याचा जीव घालून मला ती बघायची नाही. विकून टाक. मला विचारायला आणखी पत्र लिहू नको. केवलरामाचं मात्र काही तरी बघ, तो आपल्या घरचा आहे.

मुलांना माझा पापा सांग. बहिणीची आठवण ठेव, पत्रातून तरी.

धुरपताबाई

*

आमगाव
ता. ३० जानेवारी १९४६

ती. धुरपताबाईस भोजराजाचा सा. न. वि. वि.

तू लिहू नको म्हटलेस, तरी लिहितो आहे. वाचून झाल्यावर रागावलीस तर तो राग माझ्या हक्काचा आहे.

तुझ्या सांगण्याप्रमाणे लारी विकायला काढली. गोंदियाचा कुंजीलाल म्हणून व्यापारी आहे, तो येऊन बघून गेला. त्याला फक्त चाके आणि आस पाहिजेत. रबरी चाकांच्या बैलगाड्या बनवणार आहे. केवलराम बाजूला उभा होता. त्याने एवढेच विचारले की स्टेरिंगचे काय करणार. कुंजीलाल हसून म्हणाला की बैलाला स्टेरिंग कशाला लागते. सगळे हसले. केवलरामही हसला, आणि मग कारखान्याच्या मागे जाऊन उभा राहिला. तुझे पत्र मी त्याला आधीच वाचून दाखवले होते, त्यामुळे निर्णय त्याला ठाऊक होता.

बाई, त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. कारण इंजिन केवलरामने नाही मारले. मी मारले.

लढाईत पेट्रोलची कूपने पुरेनात, तेव्हा आपण लारीला कोळशाच्या गॅसची टाकी लावली, हे तुला माहीत आहे. त्या गॅसबरोबर बारीक राख येते. ती अडवायला गाळणी असते आणि ती दर चार दिवसांनी उघडून धुवावी लागते. अर्धा दिवस लारी उभी राहते. केवलराम इतकी वर्षे ते नेमाने करत आला. यंदा धान कापणीला मी त्याला थांबू दिले नाही. म्हटले, हंगाम होऊ दे. त्याने तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा चार लोकांदेखत मी ओरडलो की लारी तुझी आहे की आमची. त्यानंतर तो बोलला नाही.

गुलाबचंदने इंजिन उघडले तेव्हा तेलाच्या ठिकाणी काळा चिखल निघाला. त्याने विचारले, गाळणी कोणी साफ केली नाही? मी तोंड उघडायच्या आत केवलराम म्हणाला, माही चूक झाली. आणि मी, जिजाजींच्या हाताखाली वाढलेला माणूस, गप्प उभा राहिलो. तुला विका म्हणून लिहिले तेही त्याचसाठी, की ती लारी रोज डोळ्यांसमोर नको.

कुंजीलालला अजून शब्द दिलेला नाही. आता तू जे म्हणशील ते.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो.

भोजराज

*

आमगाव
ता. ६ फेब्रुवारी १९४६

मालकीनबाईले केवलराम ड्रायव्हरचा रामराम.

मी सांगून राहिलो आन दुर्गाप्रसाद मास्तर लिहून राहिले. मी त्याहिले म्हनलं का जसं बोलतो तसंच लिवा, सुधरवू नका.

भोजूभाऊनं तुमचं पत्र मले वाचून दाखवलं. तुमी लिवलं का ते इंजन मालकाचं होतं, ते गेलं त मंग राहिलं काय. ते आयकून माह्यानं राहवलं नाई. मालकानं मले शपथ घातली होती. बारा वरसं मी तोंड उघडलं नाई. आता मालक नाई. शपथ मोडल्याचं पाप माह्या डोक्यावर घेतो.

बाई, ते इंजन पहिलं नोहे.

लारी घेतली तवा तुमी म्हनलं होतं का हे जुनं धूड तीन सालात तुमाले रस्त्यावर बसवन. बरोबर तिसऱ्या साली बसवलं. भंडाऱ्याच्या पुढं, नागपूरच्या वाटेवर. पहिलं इंजन तेथंच खलास झालं. मी त रडाले आलो होतो. मालक दगडावर बसून हासून राहिले होते. मले म्हने, केवल्या, हे घरी समजलं त मले जनमभर आयकाव लागन. मंग नागपुरात एक उलटलेली लारी होती, तिचं इंजन काढून आपल्या लारीत बसवलं. नऊ दिवस लागले. घरी सांगतलं का कचेरीत काम अडलं.

तुमी जो ठोका लिवला, चुकते म्हनून, तो त्या दुसऱ्या इंजनाचा. पहिलं बिनचूक चाले. मी मालकाले म्हनलं होतं का ह्याचा आवाज बदलला, बाई वळखतील. ते म्हनले, पाहू. आठ रोज भेत भेत घरी येत होते. तुमी काई बोलल्या नाई. त मले म्हने, तिले हाच आवाज आवडला वाटते.

तवा परक्याचा जीव मालकानंच घातला होता, आन त्याच लारीनं तुमचा भात बरोबर येळेवर शिजला.

मले कामाची फिकर नाई. माहा भाऊ सालेकशाले हाय, त्याच्याकडं जाऊन बसन. पन इंजन मेलं म्हनून लारी कायले मारता? विचार करा. भोजूभाऊले हे मालकाचं गुपित सांगू नका.

लहान तोंडी मोठं बोललो असन त माफी असू द्या.

केवलरामचा अंगठा

*

तिरोडा
ता. १२ फेब्रुवारी १९४६

चि. भोजराजास आशीर्वाद. वि.

कुंजीलालला नाही म्हणून सांग. लारी विकायची नाही. दुसरं इंजिन आणायचं. माझं मन काऊन बदललं ते विचारू नको, मी सांगणार नाही.

जबलपूरला तू स्वतः जा आणि केवलरामला बरोबर ने. इंजिन तो पसंत करेल, तू नाही. तुझे डोळे चांगले आहेत, पण त्याचे कान तुझ्या डोळ्यांपेक्षा जास्त बघतात.

आणि जाण्याआधी एक काम. ज्या कारखान्यात केवलराम स्वतःची चूक म्हणाला आणि तू गप्प उभा राहिलास, तिथेच, तितक्याच लोकांसमोर, चूक कोणाची ते सांगून ये. मला पत्रात सांगितलंस ते चांगलं केलंस. पण मी तिरोड्यात बसलेली म्हातारी. माझ्याजवळ कबूल करून केवलरामचं नाव साफ होत नाही. हे नाही झालं तर इंजिन आणू नको, लारी तशीच उभी राहू दे.

लहानपणी तू माझी माठाची झाकणी फोडली होतीस आणि संध्याकाळी आपणहून येऊन सांगितलं होतंस. मी तुला मारलं नव्हतं. तेवढं आठव.

जेवत जा वेळेवर. तुझ्यावर राग आहे, पण माया त्याहून जुनी आहे.

धुरपताबाई

*

गोंदिया
ता. २८ मार्च १९४६

ती. धुरपताबाईचे चरणी भोजराजाचे शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून चिंता करत असशील. काम पुरे झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

तुझे पत्र आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी गुलाबचंदच्या कारखान्यात गेलो. बाजाराचा दिवस होता, माणसे भरपूर होती. मनात पुष्कळ वाक्ये जुळवून गेलो होतो. त्यातले एकही आठवले नाही. एवढेच म्हणालो की गाळणी साफ करू नको असे केवलरामला मी सांगितले होते, त्याने तीनदा अडवले होते, इंजिन माझ्यामुळे गेले. गुलाबचंदने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला की बैठो भैया, चाय पिओ.

केवलराम मात्र रागावला. मग जबलपूरला जाताना छोट्या रुळांच्या आगगाडीत, बालाघाट सुटल्यावर, एकदम म्हणाला की काऊन सांगतलं तुमी? माहे दिवस किती राहिले, तुमाले अजून या बाजारात बहुत वरसं बसाचं हाय. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. थोड्या वेळाने त्याने शिदोरी सोडली, अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली, आणि जिजाजींच्या गोष्टी सांगायला लागला. सातपुडा लागला तरी त्याच्या गोष्टी चालूच. जिजाजी चढावर लारीला शिव्या देत आणि उतारावर तिची माफी मागत, हे तुला ठाऊक होते का? मी इतकी वर्षे त्यांच्याबरोबर फिरलो, पण मी मागे पोत्यांवर झोपलेला असे. पुढे बसून ते काय काय बोलत, ते सगळे केवलरामजवळ राहिले आहे.

जबलपूरच्या आवारात इंजिनांच्या रांगाच रांगा होत्या. कोणी रंग बघत होते, कोणी खोक्यावरचा शिक्का. केवलरामने प्रत्येक इंजिनाशी एकच केले. हँडल लावून हाताने सावकाश फिरवायचे, आणि लाकडी काठीचे एक टोक इंजिनाला व दुसरे कानाला लावून ऐकायचे. सकाळपासून दुपारपर्यंत नाही, नाही, नाही. तिथला साहेबांचा बाबू कंटाळला. शेवटी एका कोपऱ्यातल्या इंजिनाजवळ तो बराच वेळ वाकून उभा राहिला. मग काठी माझ्या हातात देऊन म्हणाला, तुमी आयका. मला काही कळले नाही, पण मी हो म्हणालो. तो म्हणाला, कळलं नाई त हो म्हनू नका, पुन्हा आयका. मी पुन्हा ऐकले. चारदा ऐकल्यावर मला वाटते काही तरी कळले.

इंजिन चार बोटे लांब निघाले. गुलाबचंदने पुढची पट्टी कापली, बोनेट वर उचलले. आता आपली लारी नाकाला सूज आलेल्या माणसासारखी दिसते. कोळशाची टाकी काढून टाकली. पेट्रोल मिळेल तेवढेच चालवायचे असे मी ठरवले आहे. काल फुलचूरपर्यंत नेऊन आणली. स्टेरिंग माझ्या हातात होते. केवलराम बाजूला बसून म्हणाला की त्याला उजव्या डोळ्याने आता संध्याकाळचे नीट दिसत नाही, वर्षभर कोणाला बोलला नव्हता. तेव्हा लारी मी शिकायची आणि तो शिकवणार, असे त्याने सांगितले. विचारले नाही, सांगितले. माझा तीनदा गिअर चुकला, तिन्ही वेळा त्याने कपाळावर हात मारला.

तुझे मन काऊन बदलले ते मी विचारत नाही. केवलरामला विचारले, तर तो आभाळाकडे बघतो.

तुझ्या लोभाला पात्र व्हावे एवढीच इच्छा.

तुझा
भोजराज

*

तिरोडा
ता. ५ एप्रिल १९४६

श्री. केवलराम यांस धुरपताबाईचा रामराम. वि. दुर्गाप्रसाद मास्तर वाचून दाखवतील म्हणून त्यांनाही नमस्कार. त्यांनी हे पत्र भोजराजाला दाखवू नये.

तुमच्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. राग तुमच्यावर नव्हता. उत्तर काय द्यावं ते सुचत नव्हतं.

ते नऊ दिवस मला चांगले आठवतात. कचेरीचं काम अडलं होतं म्हणत हे घरी आले आणि माझ्यासाठी हिरवं लुगडं घेऊन आले. ना सण, ना वार. मी सगळ्या आळीला दाखवत फिरले की बघा, नागपुरात कामाच्या घाईत असूनही आठवण ठेवली. तुम्ही तेव्हा अंगणातच होता, केवलराम. खाली मान घालून चाक पुसत होता. तरीच मला वाटलं होतं, चाक स्वच्छ असून हा माणूस कायले पुसून राहिला.

तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी मी पेटीतून ते लुगडं काढलं आणि रागाने अंगणात फेकलं. मग कोंबड्या त्यावर जाऊ लागल्या म्हणून उचलून आणलं. तुम्ही दोघं मिळून बारा वर्षं मला फसवत होता.

पण एक गोष्ट तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. हे गेल्यापासून घरी जो येतो तो त्यांचं चांगलंच बोलतो. मीही चांगलंच आठवते. नऊ वर्षांत ते इतके चांगले झाले, की मला ओळखू येईनासे झाले होते. फोटोतल्या देवासारखे. देवाशी माणूस काय बोलणार? नमस्कार करून उठायचं. तुम्ही मला त्यांचा एक खोटेपणा आणून दिलात, आणि ते एकदम दगडावर बसून हसताना मला दिसले. तसेच, जसे होते तसे.

तुम्ही सालेकशाला जाऊ नका. भोजराजाला लारी नीट शिकवा, ओरडायची पाळी आली तर ओरडा. लारीत तुमचा निम्मा हिस्सा राहील, तसा कागद करायला मी त्याला सांगितलं आहे. तुम्ही नको म्हणाल, म्हणून तुम्हाला न विचारताच सांगितलं.

परवा दुपारी अंगणात मी एकटीच धान पाखडत होते. पाखडता पाखडता त्यांना उद्देशून तोंडातून मोठ्याने निघालं की सांगितलं असतं तर मी काय खाऊन टाकलं असतं का तुम्हाला? नंदाबाईने भिंतीवरून डोकावून विचारलं, बाई, कोणाशी भांडून राहिली?

मी म्हटलं, घरच्या माणसाशी.

तुमच्या घरच्यांना रामराम. येत-जात राहावं.

धुरपताबाई